रोजच्या शाकाहारी स्वयंपाकासाठी हाताशी कुठली पुस्तकं ठेवावीत? (राहायला बेळगाव भागात)

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे नाशिकहून चिकोडीला आलात, घरमालक जैन असल्यामुळे घरात फक्त शाकाहारीच शिजवता, आणि व्हिडिओ थांबवून थांबवून कणीक मळण्याचा कंटाळा आलाय. पुस्तकं हवीत, पण सणावारी काढून बघायची नकोत, रोज लागणारी हवीत. मी बेळगावात टिळकवाडीला राहते. पाककृतींची पुस्तकं वाचायची आणि त्यातलं करून बघायची मला मनापासून आवड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' घ्या. १९७० साली ते पहिल्यांदा आलं आणि अजूनही लग्नात मुलीला, सुनेला दिलं जातं. बाई कुंडलच्या, संसार सांगलीचा, म्हणजे आमच्या भागाला तशा जवळच्याच. या पुस्तकाचं खरं बळ प्रमाणात आहे. 'अंदाजे' आणि 'चवीपुरतं' यावर सगळा स्वयंपाक चालायचा त्या काळात त्यांनी वाटी आणि चमचा हातात दिला, आणि तो असा दिला की पहिल्यांदा करणाऱ्याचाही पदार्थ जमावा. मात्र घरातली एक वाटी या पुस्तकासाठी नेमून टाका. डाळ तिनंच मोजायची आणि पाणीही तिनंच. स्टीलच्या दोन वाट्या दिसायला सारख्या असतात, पण एकीत दीडशे मिली मावतं आणि दुसरीत दोनशे. अनारसे किंवा शंकरपाळ्यांच्या वेळी हा फरक लगेच कळतो.

इथं राहून 'रुचिरा' वापरताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली मिरची. आमच्याकडे घरोघरी ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून तिखट करतात. ब्याडगी रंग देते, तिखटपणा बेताचा. संकेश्वरी चांगलीच झणझणीत. पुस्तकात एक चमचा तिखट म्हटलं असलं तरी तुमच्या डब्यात कुठली मिरची जास्त आहे त्यावरून तो चमचा कमी-जास्त करावा लागतो. शिवाय निपाणी-चिकोडीकडच्या दुकानात 'चटणी' मागितली की बहुतेक वेळा कांदा-लसूण घातलेलं मसाल्याचं तिखट मिळतं, ते आमटीत घातलं तर गोडा मसाला झाकूनच जातो. दुसरी गोष्ट तांदूळ. सुगीनंतर खानापूरकडचा नवा तांदूळ बाजारात येतो तेव्हा पुस्तकातलं पाणी थोडं कमी करा, नाहीतर भाताचा गोळा होतो. हाच तांदूळ जुना झाला की पुस्तकातलं प्रमाण बरोबर बसतं.

मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा'ही चांगलं आहे. आटोपशीर आहे, घाईच्या दिवशी उघडायला सोपं. 'रुचिरा' असेल तर ते नंतर घेतलं तरी चालेल.

आता ज्या पुस्तकावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते. एस. मीनाक्षी अम्माळ यांचं 'समैत्तु पार'. मूळ तमिळ, १९५१ साली आलं. इंग्रजीत 'कुक अँड सी' नावानं मिळतं. पूर्ण शाकाहारी, तमिळ ब्राह्मणी घरातला स्वयंपाक. तुम्ही म्हणाल, चिकोडीत राहून तमिळ पुस्तक कशाला? कारण इथं आलात म्हणजे सकाळचा नाश्ता आता इडली, डोसा, उप्पीट हाच असणार, आणि सांबार-रसम मराठी पुस्तकांत बहुधा आमटीच्याच अंगानं येतं. चिंचेच्या पाण्याचा कच्चा वास जाईपर्यंत ते आधी एकटं उकळायचं, मग शिजलेल्या डाळीचं पाणी घालायचं, वर फेस जमला की खळखळू न देता उतरवायचं आणि फोडणी शेवटी. रसम या क्रमावर उभं असतं. मीनाक्षी अम्माळ पायऱ्या गाळत नाहीत, आधी काय आणि नंतर काय हे सांगतात. सांबार पूड एकदा त्यांच्या पद्धतीनं घरी करा. मिरची ब्याडगी घेतलीत तर रंग सुरेख येतो, तिखटपणासाठी मुठीभर दुसरी मिरची मिसळा. जुनी मापं (ओळक वगैरे) बघून घाबरू नका. ती एकदा आपल्या वाटीशी लावून घेतली की काम झालं. आणि यातल्या बऱ्याचशा पदार्थांत लसूण नाही, हे तुमच्या घरात उपयोगी पडेल.

सारस्वत महिला समाजानं काढलेलं 'रसचंद्रिका' मुद्दाम सुचवते. कोकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वतांचा स्वयंपाक, पण पुस्तक मूळ मराठीत. बेळगावातून घाट उतरलं की कारवार, म्हणून घश्शी (नारळाच्या वाटणातला कडधान्याचा रस्सा), तंबळी (ताक-नारळाची थंड कढी), उपकरी (फोडणीची साधी सुकी भाजी) ही नावं आम्हाला परकी नाहीत. उन्हाळ्यात ताकातली तंबळी आणि भात एवढ्यावर दुपार निघते. या पदार्थांत नारळ भरपूर लागतो, तेवढी तयारी ठेवा.

तरला दलाल यांचं 'द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग' १९७४ चं. पाहुणे, वाढदिवस, मुलांचा हट्ट, यासाठी त्यांची पुस्तकं उपयोगी आहेत. रोजच्या जेवणाला मी ती काढत नाही.

इतकं सगळं घेतलंत तरी एक जागा रिकामी राहते, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या सीमाभागातलं रोजचं जेवण, म्हणजे कडक भाकरी, कारळ्याची आणि जवसाची चटणी, मोड आलेल्या मटकीची पल्ल्या (सुकी भाजी), गव्हाची हुग्गी (गुळाची खीर), हे मराठी पुस्तकांत नीट सापडत नाही. ते पुणेरी किंवा कोकणी स्वयंपाकात बसत नाही म्हणून मागं पडलं असावं. एणगाईचंच, म्हणजे इकडच्या भरल्या वांग्याचंच बघा. भरलं वांगं प्रत्येक मराठी पुस्तकात असतं, गोडा मसाला आणि ओल्या खोबऱ्याचं. आमचं एणगाई निराळं. अर्धा किलो लहान, हिरवी, देठाला काटे असलेली वांगी. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायची. अर्धी वाटी शेंगदाणे, दोन मोठे चमचे कारळे, एक मोठा चमचा तीळ, दोन चमचे सुकं खोबरं, सगळं वेगवेगळं भाजायचं. कारळे मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच काढायचे. जरा जास्त झाले की कडवट होतात आणि मग सगळं वाटण वाया. शेंगदाणे जाडसर कुटायचे, पीठ करायचं नाही. त्यात बाकीचं भाजलेलं वाटून, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ, थोडा गूळ घालायचा आणि हे वांग्यांत भरायचं. तेलाला हात आखडता घ्यायचा नाही. भरलेली वांगी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायची, वर ताटलीत पाणी ठेवायचं, आणि तेच तापलेलं पाणी मधे अर्धी वाटी आत घालायचं. देठाशी दाबून मऊ लागलं आणि कडेनं तेल सुटलं की झालं.

कर्नाटकात वांग्याचं हे कौतुक जुनंच आहे. मंगरस तिसरा या कवीनं १५०८ साली कानडीत पद्यात 'सूपशास्त्र' लिहिलं, शाकाहारी पाककृतींचं, आणि त्यात वांग्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या स्वयंपाकघराकडे इतक्या आदरानं पाहिलं होतं, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

तेव्हा ही रिकामी जागा पुस्तकानं नाही, शेजारणीकडून भरा. चिकोडीत कानडी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या बायका गल्लीगल्लीत भेटतील. 'अक्का, तुमच्या घरी हुग्गी कशी करता?' एवढं विचारलंत तरी त्या हातातलं काम टाकून सांगतील. तिथंच वाटी मागून घ्या आणि मोजून लिहा, नाहीतर 'एवढंसं' आणि 'थोडंसं' यावरच राहाल.

विकत घेण्याआधी पुस्तक पाहायचं असेल तर बेळगावला आलात की १८४८ पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयात आधी विचारा. दुकानात घेत असाल तर उभ्या उभ्या एकच पान उघडा, साध्या आमटीचं. डाळ किती, पाणी किती, फोडणीत आधी काय, गूळ कधी, हे त्या पानावर नसेल तर चित्रं कितीही सुंदर असोत, ते पुस्तक परत ठेवा.

आणि घरमालकांना जेवायला बोलवायचा विचार असेल तर जेवण सूर्यास्ताच्या आत ठेवा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको. वांगंही काही जण खात नाहीत, म्हणून एणगाईचं आधी विचारून घ्या. 'समैत्तु पार'मधलं लसणाशिवायचं रसम, दोडक्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, भात आणि शेवटी तूप घालून हुग्गी, एवढं केलंत तरी भरपूर झालं.