३५,००० रुपयांत कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी कोणत्या कंपनीचा लॅपटॉप घ्यावा?

मुलगी यंदा बीएस्सी आयटीच्या पहिल्या वर्षाला जाणार, हाताशी पस्तीस हजार आहेत आणि लॅपटॉप नवाच घ्यायचा असे घरी ठरले आहे, तर कंपनी कोणती पाहावी, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न २०२० साली मी माझ्या थोरल्या बंधूंना विचारला होता आणि त्यांच्या सल्ल्याने घेतलेल्या लॅपटॉपचे हप्ते मी १८ महिने फेडले. आपला प्रश्न वाचल्यावर ते सारे वर्ष डोळ्यांसमोर आले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते कंपनीचा प्रश्न शेवटी यावा. आधी विचारायचे ते हे, की मेमरी (रॅम, म्हणजे चालू कामे सांभाळणारी तात्पुरती जागा) किती आहे, ती वाढवता येते का, फाइली साठवणारी डिस्क कोणती आहे आणि मागचे झाकण उघडून दुरुस्ती होते का.

२०२० मध्ये कोरोनामुळे माझ्या लेकीचे कॉलेज घरूनच सुरू झाले. आम्ही चारकोपला राहतो. पहिले दोन महिने तिने तासिका माझ्या फोनवर ऐकल्या आणि प्रोग्रॅम वहीत लिहिले. मी मस्जिद बंदरला एका पेढीत हिशेबाचे काम करतो. तिथे सहा-सात वर्षांचे जुने ऑफिस लॅपटॉप दिवसभर चालतात, हे मी रोज पाहत होतो, म्हणून तसाच एखादा वापरलेला घ्यावा असे माझ्या मनात होते. दादांना ते मुळीच पटले नाही. त्या काळात दुसऱ्याने हाताळलेली वस्तू घरात आणणे त्यांना धोक्याचे वाटत होते आणि ते मला समजण्यासारखे होते. पण त्यांचे खरे म्हणणे निराळे होते. नव्या वस्तूला वॉरंटी असते, जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याची पीडा विकत घेणे, असे ते आजही मानतात. त्यांनी दादरच्या एका शोरूममध्ये एक मॉडेल पाहून ठेवले होते. पातळ, चंदेरी, एक वर्षाची वॉरंटी, १ टीबी डिस्क, किंमत २९,९९०. "हजार जीबी आहे, चार वर्षे बघायला नको," असे ते म्हणाले, आणि सुरुवातीचे आठ हजार त्यांनीच भरले. मी गप्प बसलो.

त्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन हा इंटेलचा अगदी स्वस्त वर्गातला प्रोसेसर, ४ जीबी मेमरी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क होती. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत चार मिनिटांहून अधिक वेळ जाई. तासिका चालू असताना तिने प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर उघडले की शिक्षकांचा आवाज तुटू लागे. संगणकावर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर मेमरीच्या रकान्यात ९३ टक्के आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के हे आकडे तासभर हलत नसत. जानेवारी २०२१ मध्ये तिची अंतर्गत परीक्षा होती. कॅमेरा चालू ठेवून ब्राउझरमध्ये चाळीस मिनिटांत उत्तरे द्यायची होती. तेविसाव्या प्रश्नाला पडदा गोठला, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू होईपर्यंत वेळ संपून गेली होती. शिक्षकांनी समजून घेतले आणि फेरपरीक्षा दिली, हे त्यांचे उपकार. ती परीक्षा मात्र तिने माझ्या फोनवर दिली. तीस हजारांची वस्तू टेबलावर झाकण मिटून पडली होती आणि पोर फोनच्या पाच इंचांत प्रश्न वाचत होती, हे दृश्य मी विसरू शकत नाही.

सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप तपासून तो निर्दोष असल्याचे सांगितले, आणि ते खरेच होते. त्यात काहीही बिघडलेले नव्हते. तो मुळात तेवढाच होता. वॉरंटी बिघाडासाठी असते, अपुरेपणासाठी नसते. दादांशी माझा वाद आहे तो नेमका या मुद्द्यावर.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. त्याच महिन्यात एका शनिवारी धिमी गाडी पकडून मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी खालचे स्क्रू काढून चुंबकाच्या ताटलीत ओळीने ठेवले, एक पातळ प्लास्टिकची पट्टी कडेकडेने फिरवून झाकण सोडवले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मदरबोर्डवर नखाएवढ्या चार काळ्या चिपा डाख देऊन बसवलेल्या होत्या. "ही तुमची मेमरी," ते म्हणाले. "दुसरी लावायला खणच नाही. डिस्क बदलून देतो, थोडा फरक पडेल. पण चारचे आठ होणार नाहीत." विंडोज चालू झाली की तीच यातली निम्मी मेमरी घेते, उरलेल्यात तासिका आणि ब्राउझर मावत नाहीत, मग वरचा भार डिस्कवर ढकलला जातो, आणि फिरती डिस्क तो पेलू शकत नाही, हे त्यांनी मला दोन मिनिटांत समजावले. ज्याच्या जोरावर आम्ही तो लॅपटॉप घेतला, त्या हजार जीबींपैकी साठसुद्धा वापरात नव्हते.

तो लॅपटॉप मी तिथेच ११,००० रुपयांना विकला आणि त्याच रस्त्यावर २३,५०० रुपयांना वापरलेला थिंकपॅड टी४८० हा लेनोवो कंपनीचा ऑफिस वर्गातला लॅपटॉप घेतला. मोठ्या कंपन्या असे लॅपटॉप तीन-चार वर्षे वापरून घाऊक परत करतात. ते साफसूफ होऊन बाजारात येतात. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, एक मोकळा खण आणि २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, होती. शेजारच्या दुकानात सातव्या पिढीचा आय५ असलेला लॅपटॉप तीन हजारांनी स्वस्त मिळत होता आणि माझा हात तिकडे वळलाही होता. परंतु त्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी अडवले. त्यांनी दोन कारणे सांगितली. लॅपटॉपमधल्या सातव्या पिढीच्या आय५ला बहुधा दोनच कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात, आठवीला चार. शिवाय जूनमध्येच विंडोज ११ जाहीर झाली होती आणि इंटेलच्या आठव्या पिढीखाली ती अधिकृतपणे चालणार नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबला, तेव्हा ते तीन हजार किती मोलाचे होते ते कळले.

टी४८० घेतला त्याच्या पुढच्याच महिन्यात, २०२१च्या गणपतीला आम्ही दादांकडे गेलो असता, आरती झाल्यावर, सगळ्यांसमोर ते म्हणाले, "लेकीच्या हातात दुसऱ्याने टाकून दिलेली वस्तू दिलीस?" मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, आज देतो. त्या वस्तूत २०२२ साली मी आणखी ८ जीबी मेमरी घातली, आणि २०२४ मध्ये बाहेरची बॅटरी बदलली, जी दोन खटके सरकवले की हातात येते. या व्यतिरिक्त तिच्यावर काहीही खर्च झाला नाही. माझी लेक २०२३ मध्ये त्याच लॅपटॉपवर पदवीधर झाली, तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यावरच झाला आणि नोकरीच्या मुलाखतीची तयारीही त्यावरच झाली. दादांनी त्या वेळी मनापासून मदत केली, त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण वस्तू नवी असणे आणि चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्यासाठी. आज टी४८० घेऊ नका, त्याचे वय झाले आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आसपासचा ऑफिस वर्गातला वापरलेला लॅपटॉप पाहा. डेल लॅटिट्यूड ५४२० मध्ये मेमरीचे दोन खण असतात. थिंकपॅड टी१४च्या पहिल्या आवृत्तीत काही मेमरी डाख दिलेली असते आणि एक खण मोकळा असतो. १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी एसएसडी हे लक्ष्य ठेवा. पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा आणि आयपीएस प्रकारचा, म्हणजे बाजूने पाहिले तरी नीट दिसणारा, असावा. १३६६ गुणिले ७६८चा पडदा घेऊ नये, कारण प्रोग्रॅमच्या ओळी त्यावर फार थोड्या दिसतात. घेताना दुकानातच विंडोजची कमांड प्रॉम्प्ट ही आज्ञा देण्याची खिडकी उघडून powercfg /batteryreport या आज्ञेने बॅटरी अहवाल काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आताची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी मागावी किंवा किंमत कमी करून घ्यावी. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रणालीला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर ती कुठल्या कंपनीचा ईमेल मागत नाही ना, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पांढरा पडदा लावून डाग पाहावेत आणि झाकण एका कोपऱ्याने उचलून बिजागऱ्या कुरकुरत नाहीत ना ते बघावे. पक्क्या बिलावर अनुक्रमांक आणि किमान सहा महिन्यांची दुकानाची हमी लिहून घ्यावी. तोच अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की लॅपटॉप मुळात कोणत्या प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कसह विकला गेला होता हेही कळते.

घरी नवाच घ्यायचे ठरले आहे ते कायम असेल, तर निदान हे पाहा. सेलेरॉन, पेंटियम किंवा केवळ 'इंटेल प्रोसेसर' असे नाव असलेला एन मालिकेतला लॅपटॉप या अभ्यासक्रमासाठी घेऊ नये. इंटेलचा आय३-१२१५यू हा या किमतीच्या आसपास समाधानकारक प्रोसेसर आहे, मात्र मेमरीचा एक खण मोकळा आहे याची लेखी खात्री करून घ्या. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरचे नाव ऐकून हुरळून जाऊ नये. क्रमांक सातने सुरू होत असल्याने नवा वाटत असला तरी त्याची आतली रचना झेन २ आहे, म्हणजे २०१९ सालची, आणि त्याच्यासोबतची मेमरी डाख दिलेलीच असते. ८ जीबीचा घेतला तर तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच राहील. साधे लेखन, टॅली आणि व्हिडिओ पाहणे एवढ्यासाठी तो वाईट नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माझा सल्ला प्रोग्रॅमिंग आणि अभ्यासासाठी आहे. मुलीला त्रिमितीय डिझाइन किंवा मोठे व्हिडिओ संपादन करायचे असेल, तर त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते आणि ते या पैशांत नीट बसत नाही. दुसरे म्हणजे, घराजवळ विश्वासाचा दुरुस्तीवाला नसेल आणि लॅमिंग्टन रोडला दोन चकरा मारणे शक्य नसेल, तर वापरलेल्या लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नका. तशा वेळी घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी असलेला नवा घ्या, पडण्या-सांडण्याचे संरक्षण वेगळे पैसे भरून जोडून घ्या, आणि दादांचे ऐकल्यासारखे झाले तरी चालेल.

मुलगी लोकलने जाणार असेल, तर डबा आणि लॅपटॉप बॅगेच्या एकाच कप्प्यात ठेवू देऊ नका. गर्दीत डब्याची कड झाकणावर दाबली जाते आणि पडदा आतून तडकतो. असे पडदे बदलून घ्यायला आलेली दोन मुले मी त्या शनिवारी रांगेत माझ्या पुढे पाहिली होती.