तुला शिकवण्याचा कंटाळा आलेला नाही

इंदूरच्या एका सरकारी हायस्कूलमधल्या गणिताच्या बाई लिहितात: "मावशी, सतरा वर्षं झाली. आता शाळेत जायचं म्हटलं की सकाळीच डोकं उठतं. पोर्टलवर माहिती भरा, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरा, मतदार यादी बघा. शिकवायला वेळ उरतोच कुठे? भंवरकुव्याच्या एका कोचिंगमधून बोलावणं आलंय, पैसे बरे देतायत. घरचे म्हणतात, पक्की नोकरी सोडू नकोस. काय करू?"

बाळा, पत्र दोनदा वाचलं. दोन पानं तक्रारींची आहेत आणि त्यातली एकही खोटी नाही. मी स्वतः शाळेत नवशिकी शिक्षिका म्हणून काम केलं आहे. पण तिसऱ्या पानावर तू दहावीतल्या त्या मुलीबद्दल लिहिलंस. द्विघात समीकरण दिसलं की ती वही मिटून टाकायची. तू मधल्या सुट्टीत जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापलास. गणित होतं क्ष वर्ग अधिक 6 क्ष बरोबर 16. क्ष बाजूचा एक चौरस ठेवलास, 6 चे दोन भाग करून त्याच्या लगतच्या दोन बाजूंना 3 रुंदीच्या दोन पट्ट्या लावल्यास. कोपरा रिकामा राहिला. तिनं बोट ठेवलं आणि ओरडली, "मॅडम, इधर नौ आएगा!" दोन्हीकडे 9 मिळवले, 25 झाले, पाचाचं वर्गमूळ तिनं तोंडी सांगितलं... नाही, पंचविसाचं, बघ, लिहिताना मीच घाई करतेय, इतकं मला ते आवडलं.

कंटाळलेल्या बाईंना पुठ्ठा कापायचं सुचत नाही गं.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1959 साली मांडलं की कामात समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि जीव काढणाऱ्या वेगळ्या. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस वैतागतो. पण ती सुधारली म्हणून आपोआप समाधान मिळत नाही. ते येतं हातून काहीतरी घडण्यातून. त्यानं विचारलं होतं इंजिनिअर आणि हिशेबनिसांना, आक्षेपही बरेच घेतले गेले. तरी तुझं पत्र वाचताना मला तेच आठवलं.

म्हणून कोचिंगला "हो" म्हणण्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे मागच्या बाकावर चार दिवस बस. नुसती बस, शिकवू नकोस. सरकारी नोकरीत राहून बाहेर शिकवणं तुला अडचणीत आणेल. भरलेल्या हॉलमध्ये एका मुलीसाठी थांबायला तिथल्या सरांना वेळ मिळतो का, ते बघ. मिळत असेल तर खुशाल जा, घरच्यांशी मी भांडेन.

शाळेतही गप्प बसू नकोस. निवडणुकीचं काम टळणार नाही; शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत असं सांगणाऱ्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येसुद्धा जनगणना, आपत्ती आणि निवडणूक हे अपवाद ठेवलेच आहेत. पण पोर्टल आणि फॉर्म दरवर्षी तुझ्याच गळ्यात का? "तू पटापट करतेस" म्हणून. प्राचार्यांना लेखी अर्ज दे: हे काम पाळीपाळीनं सगळ्यांत वाटावं आणि दहावीच्या तासाला मला ऑफिसात बोलावू नये. अर्जाची पोच घे. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यातच दे, कारण कामांची वाटणी तेव्हाच होते.