भिंतीतलं भोक

प्रश्न : शंख गोगलगाईलाही असतो आणि नॉटिलस या समुद्री प्राण्यालाही. मग खडकात जेमतेम नखाएवढा वाकडा शंख सापडला, तर तो माकूल-नॉटिलसच्या घराण्यातला, म्हणजे शीर्षपादाचा, हे कशावरून ठरवतात? प्राणी तर केव्हाच कुजून गेलेला!

उत्तर : प्लेक्ट्रोनोसेरसचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो कुणाचा तरी तुटका सुळा वाटला होता. शीर्षपादांमधला सर्वमान्य असा सर्वांत जुना वंश तो हाच. चीनमधल्या उत्तर कँब्रियन खडकांतला, सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वीचा.

खरी ओळख शंख उभा कापल्यावर पटते. गोगलगाईचा शंख आत टोकापर्यंत मोकळा. इथे मात्र एकाला एक लागून आडव्या भिंती, आणि प्रत्येक भिंतीला शंखाच्या आतल्या, खोलगट बाजूला एक भोक. नुसत्या भिंतींवर जाऊ नका. अंटार्क्टिकातल्या नाइटोकोनस या जीवाश्माच्या शंखातही कप्पे आहेत, पण भोक नाही. म्हणून त्याला शीर्षपादांत धरत नाहीत.

माझ्या टेबलाच्या खणात नॉटिलसचा फुटका शंख आहे. त्याच्या भिंतीतल्या भोकातून मी पेनाची रिफिल आरपार घालून पाहिली आहे. जिवंतपणी तिथून मांसल दोरीसारखी नळी जाते. तिच्या पेशी कप्प्यातल्या पाण्यातले क्षार ओढून घेतात, क्षारांमागोमाग पाणी जातं, आणि रिकाम्या जागेत वायू सावकाश झिरपतो. वायू पाण्याला ढकलून बाहेर काढतो, असं मी वर्गात कित्येक वर्षं शिकवलं. साफ चूक! कप्पे असे रिकामे झाले की शंखाचं ओझं हलकं होतं. पुढे याच घराण्यात कुणी शंख अंगाच्या आत घेतला (समुद्रफेन म्हणतात तो माकळीचा आतला शंखच), तर ऑक्टोपसनं जवळजवळ टाकूनच दिला.

प्लेक्ट्रोनोसेरस मात्र फार पोहत नसावा. इतक्या दाट भिंतींचा शंख जडच पडणार. बहुधा तो शंख पाठीवर उभा धरून तळावरच सरपटत असेल. बाहू किती होते, हे सांगणारा मऊ अंगाचा ठसा मिळालेला नाही. त्यामुळे चित्रांत दिसतात ते बाहू चित्रकाराच्या पदरचे.

याहून सुमारे ३ कोटी वर्षं जुने शीर्षपाद न्यूफाउंडलंडमध्ये मिळाल्याचा दावा २०२१ मध्ये झाला. त्या शंखांतही नळी दिसते, असं संशोधक म्हणतात. सगळ्यांना ती दिसलेली नाही.