मामांचा लायका एम3 मिळालाय, रस्त्यावरच्या फोटोंसाठी 35 घेऊ की जुनी 50?

तुम्ही विचारलंय की मामांचा एम3 (लायकाचा जुना फिल्म कॅमेरा) हातात आलाय पण लेन्स नाहीये, इंदुरातल्या राजवाडा-सराफा बाजाराच्या गर्दीत फोटो काढायचेत, तर 35 मिमीची लेन्स का 50 मिमीची, आणि जुन्यातली कुठली. मी इंदुरातच राहतो, बरीच वर्षं एम3 वापरतोय, तर सरळ सांगतो, 50 घ्या, एफ/2ची (एफचा आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त).

कारण कॅमेऱ्यातच आहे. एम3च्या फाइंडरमध्ये, म्हणजे ज्यातून बघतो त्या खिडकीत, 50, 90 आणि 135 एवढ्याच लेन्सच्या फ्रेम (फोटोची हद्द दाखवणाऱ्या रेघा) आहेत, 35ची नाहीच, ती नंतरच्या एम2मध्ये आली. म्हणजे 35 लावायची तर वर वेगळा फाइंडर बसवा, नाहीतर फाइंडरपुढे चष्म्यासारख्या काचा येणारी, एम3साठीची ती जड 35 शोधत बसा. उलट 50ला हा फाइंडर इतका मोठा दिसतो (0.91 पट) की दुसरा डोळा मिटावा लागत नाही, फ्रेमच्या बाहेरून सायकलवाला येतोय हे आधीच कळतं.

आता लोक एफ/1.4 की एफ/2 यावर डोकं खातात, मी म्हणतो आधी बोट कुठे बसतं ते बघा. माझ्याकडे लायकाची रिजिड समिक्रॉन (50 एफ/2, नळी आत न ढकलता येणारी) आहे, 1956 पासून यायची ती.  तिची फोकस रिंग किती फिरवली की 3 मीटर येतं हे एकदा बोटाला पाठ झालं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फोकस झालेला असतो. एफ/8 ला 3 मीटरवर ठेवलीत तर साधारण 2.3 ते 4.2 मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. 35ला हेच 1.9 ते 7 मीटर मिळतं, तिचा हा फायदा मी नाकारत नाही. पण पोह्याच्या ठेल्यापाशी उभं राहिल्यावर समोरचा माणूस तसाही तीनेक मीटरवरच असतो.

रात्रीचं म्हणाल तर सराफ्यात सोन्याची दुकानं वाढवली की त्यांच्याच पुढे खाण्याच्या गाड्या लागतात, आणि जलेब्याच्या कढईवर लटकवलेला बल्ब असतो ना, त्याच्या उजेडात 400ची फिल्म, एफ/2, 1/60 ला चेहरा मिळतो, वाफेसकट. मला एफ/1.4 ची गरज पडलेली नाही.

समिक्रॉन परवडत नसेल तर रशियन ज्युपिटर-8 बघा, तीही 50 एफ/2च. झाइस कंपनीच्या जुन्या सोनार लेन्सवर बेतलेली आहे, स्क्रूसारखी फिरवून बसवायची आहे म्हणून एम3वर लावायला एम अडॅप्टर लागेल. फक्त तिचं फोकसचं गणित काँटॅक्स या झाइसच्या कॅमेऱ्याच्या मापाचं आहे, त्यामुळे लायकावर जवळचा फोकस एफ/2 ला थोडा चुकतो. रस्त्यावर एफ/5.6-8 ला काही कळत नाही, पोर्ट्रेटला कळतं. कॅननची स्क्रूवाली 50 एफ/1.8 पण छान, पण तिच्या बाबतीत फार सांभाळून. मी एक घेतली होती, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोंत काच एकदम स्वच्छ, घरी येऊन मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर अॅपर्चरच्या पाठीमागच्या काचेवर दूध सांडल्यासारखी साय. साफ करून घेतली तरी गेली नाही, कारण काच आतून खरवडली गेली होती, आणि दिव्यासमोरचा प्रत्येक फोटो धुरकट. त्यात माझे तीन रोल गेले, त्यातला एक माझ्या आजीचा शेवटच्या दिवाळीचा होता, म्हणून एवढं सांगतोय. टॉर्च मारून काढलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. समोरच्या काचेवर बारीक ओरखडे असले तर चालतात, जुन्या समिक्रॉनचं कोटिंग मऊच असतं.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशी तिथेच धरते, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. आणि रंगपंचमीच्या गेरीत (इंदुरातली रंगांची मिरवणूक) ही लेन्स नेऊच नका, टँकरचा रंग हेलिकॉइडमध्ये, म्हणजे फोकसच्या आट्यांमध्ये, गेला तर कोण काढणार.

हां, आणि लेन्स घ्यायच्या आधी कॅमेरा तपासा. कोणाची तरी 50 मागून आणा, अनंतावर लावा आणि गच्चीवरून लांबच्या टॉवरकडे किंवा चंद्राकडे बघा. फाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक बसल्या तर ठीक, वरखाली किंवा बाजूला सरकलेल्या दिसल्या तर आधी रेंजफाइंडर (फोकस जुळवणारी यंत्रणा) दुरुस्त करून घ्या, मग लेन्सचं बघू.