कोच व्हायचं म्हणतोय, पण खेळला कुठे?

पत्र : आम्ही टेक्सासला, प्लेनोमध्ये असतो. मुलगा इथल्याच एका मोठ्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क उत्तम. गेल्या उन्हाळ्यात डॅलसच्या एका विमा कंपनीत इंटर्नशिप केली, त्यांनी पुढच्या नोकरीचंही विचारलंय. आणि दिवाळीला घरी आला तो म्हणाला, मला कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलचा, कोच व्हायचंय. शाळेत दुय्यम टीममध्ये होता, तेही बहुतेक वेळ बाकावर. त्याच्या बाबांनी दोन आठवडे अबोला धरलाय. त्यांचं म्हणणं, जो खेळलाच नाही तो शिकवणार काय? मला काळजी वेगळीच, यात पोट भरतं का? – एक आई

ताई, नमस्कार.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शिवाजी पार्कवरच आहे. सचिनला घडवणारे आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. इथलंच उदाहरण हवं असेल तर माइक लीच यांचं घ्या. ते कॉलेजात फुटबॉल खेळले नाहीत. वकिलीची पदवी घेतली, पण कोर्टाची पायरी न चढता छोट्या छोट्या कॉलेजांत कोचिंग करत राहिले, मध्येच फिनलंडमधल्या एका क्लबलाही जाऊन आले. पुढे तुमच्याच राज्यात, लबकच्या टेक्सास टेकला, त्यांनी दहा हंगाम काढले आणि त्यांच्या पासिंगच्या पद्धतीची देशभर नक्कल झाली. तरीही खरं सांगतो, या धंद्यातले बहुतेक लोक खेळूनच आलेले असतात. जो खेळलेला नाही त्याच्याकडे ‘हा कोण?’ म्हणून बघतात, आणि त्याचं उत्तर त्याला कामातूनच द्यावं लागतं.

आता ते काम काय असतं ते जरा जवळून बघा, कारण मुलाने बहुधा शनिवारचं स्टेडियम पाहिलंय, रविवारची खोली नाही. पदवीनंतर पहिली पायरी ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ची, सगळे जी.ए. म्हणतात. मास्टर्सला नाव घालायचं, फी माफ होते आणि खोलीभाडं कसंबसं सुटेल एवढे पैसे हातात पडतात. शनिवारचा सामना संपला की रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या फिल्मी लावायच्या. एका सामन्यात एका टीमचे साठ-सत्तर डाव, आणि असे चार-पाच सामने. प्रत्येक डाव थांबवून नोंद करायची : थर्ड अँड सेव्हन (तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी), बॉल डाव्या हॅशवर (मैदानावरच्या डावीकडच्या खुणांवर), ‘इलेव्हन पर्सनेल’ म्हणजे एक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आणि एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), रचना अमुक, डाव तमुक. कोऑर्डिनेटरने, म्हणजे आक्रमण किंवा बचाव यांतली एक बाजू सांभाळणाऱ्या कोचने, ‘थर्ड अँड मीडियमला (तिसरा प्रयत्न, मध्यम अंतर) हे ब्लिट्झ (जादा माणसांची धाड) किती वेळा करतात?’ असं विचारलं की आकडा जिभेवर हवा. मग जाड मार्करने त्यांचे डाव मोठ्या कार्डांवर काढायचे आणि सरावात राखीव पोरांसमोर एकेक कार्ड धरायचं, म्हणजे ती पोरं प्रतिस्पर्धी बनून खेळतात. पास झेलणाऱ्या एका रिसीव्हरचा बाण चुकीच्या बाजूला काढला तर अख्खा डिफेन्स आठवडाभर चुकीचं पाठ करतो, आणि कार्ड कोणाचं होतं हे कोणी विसरत नाही.

तुमच्या मुलाचं स्टॅटिस्टिक्स इथे कामाला येतं. त्याला फक्त एवढंच विचारा : ही नोंदी करण्याची खोली आवडेल का, की फक्त मैदान आवडतं? मला स्वतःला हा खेळ कळायला तीन हंगाम लागले, त्यामुळे उत्तराची परीक्षा मी घेऊ शकत नाही. त्याची त्यालाच घ्यावी लागेल.

पुढची शिडी अशी : जी.ए., मग अ‍ॅनालिस्ट किंवा क्वालिटी कंट्रोल (दोन्हींत फिल्म आणि आकड्यांचं काम), मग एखाद्या पोझिशनचा, म्हणजे एकाच जागेवरच्या खेळाडूंचा, कोच, मग कोऑर्डिनेटर आणि शेवटी हेड कोच. वरच्या पातळीवर हेड कोचखाली दहाच सहायक कोच असायचे (२०१८ पर्यंत नऊच) आणि अ‍ॅनालिस्टला मैदानात खेळाडूंना शिकवायची परवानगी नव्हती. २०२४च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने ती अट काढली. नव्या माणसाला याचा फायदाच आहे, लवकर शिकवायला मिळतं.

शिडी सरळ वर जाते असं मात्र समजू नका. डॅन लॅनिंग कॅन्सस सिटीकडच्या एका शाळेत शिक्षक होते. २०११ मध्ये रात्रभर गाडी चालवत पिट्सबर्गच्या विद्यापीठात जाऊन त्यांनी काम मागितलं. २०१४ला सॅम ह्यूस्टन स्टेटमध्ये पूर्ण वेळ कोच झाले, आणि दुसऱ्याच वर्षी अलाबामा विद्यापीठात तेव्हाचे हेड कोच निक सेबन यांच्या हाताखाली शिकायला मिळेल म्हणून परत जी.ए. झाले! आपल्याकडे मॅनेजर झालेला माणूस पुन्हा ट्रेनी झाला तर घरचे डॉक्टरकडे नेतील. २०२१च्या डिसेंबरात, पस्तिशीत, ते ओरेगनचे हेड कोच झाले. खुद्द सेबन यांचीही सुरुवात १९७३ला केंट स्टेटमध्ये जी.ए. म्हणूनच झाली, तीसुद्धा बायकोचं शिक्षण संपायचं होतं म्हणून तिथेच थांबले तेव्हा. तिथून १९९०ला टोलेडोचे हेड कोच होईपर्यंत सतरा वर्षांत आठ ठिकाणं झाली. पुढे राष्ट्रीय विजेतेपदं सात.

पोटाचं विचारलंत. पेपरात येतात ते आकडे टोकाचे असतात. टेक्सास ए अँड एमने २०२३मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं लागलं. पण हेड कोच गेला की बहुतेक सहायकही जातात, आणि त्यांचे करार वर्षा-दोन वर्षांचे असतात. नोव्हेंबरच्या शेवटी साहेब गेला की डिसेंबरात मुलांची शाळा सोडवून नवं गाव. चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. यजमानांना काळजी करायचीच असेल तर याची करू द्या, खेळला नाही याची नको.

म्हणून दोन आडवाटा सांगतो. एक टेक्सासची खास : तिथल्या सरकारी शाळांत कोच हा शाळेचा पूर्ण वेळ कर्मचारी असावा लागतो, आणि बहुतेक जण वर्गात शिकवतातही. तुमचा मुलगा गणिताचं टीचिंग सर्टिफिकेट काढून ठेवेल तर त्याला कुठेही ‘या’ म्हणतील. आणि शाळेतून कॉलेजात जाता येत नाही असंही नाही. जेफ ट्रेलर गिल्मर गावच्या शाळेत पंधरा वर्षं कोच होते, आता सॅन अँटोनिओला यूटीएसए या विद्यापीठाचे हेड कोच आहेत.

दुसरी वाट नवी आहे आणि मला वाटतं ती त्याला जास्त शोभेल. खेळाडूंना आता पैसे मिळतात, ते दरवर्षी कॉलेजही बदलू शकतात, त्यामुळे कोणाला किती देऊन घ्यायचं याचा हिशेब करणारी माणसं लागतात. स्टॅनफर्डने २०२४मध्ये आपला जुना क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) अँड्र्यू लक यालाच फुटबॉलचा जनरल मॅनेजर केलं. विमा कंपनीत तुमच्या मुलाने जोखमीचे जे हिशेब पाहिले असतील, त्यांच्याशी हे काम नातं सांगतं.

आपल्या नावाचं कोणी या धंद्यात दिसत नाही असं तो म्हणाला, तर संजय लाल यांचं नाव शोधायला सांगा. कॉलेजांतून वर येत त्यांनी एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये रेडर्स, जेट्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा टीम्सचे रिसीव्हर घडवले.

आता करायचं काय? विमा कंपनीला लगेच नाही म्हणू नका. विद्यापीठाच्या फुटबॉल ऑफिसात विद्यार्थी मॅनेजर किंवा व्हिडिओ मदतनीस लागतातच. जानेवारीत त्याने स्वतः जाऊन नाव द्यावं, ओळखपाळख काढत बसू नये. वसंतात पंधरा सराव होतात. पहाटे पाण्याच्या बाटल्या, शंकू, कॅमेरा, जे सांगतील ते. आठव्या सरावानंतरही पहाटे स्वतःहून उठत असेल तर मला परत लिहा, जी.ए.च्या अर्जाचं बघू. आणि बाबांना एका सरावाला घेऊन जा. अबोला धरायचाच असेल तर तिथे कोणाला ऐकूही येणार नाही, शिट्ट्याच इतक्या वाजत असतात.