मालीखुलिया म्हणजे नैराश्य का?

प्रश्न : मध्ययुगीन इराणी वैद्यकातल्या 'मालीखुलिया'चं भाषांतर बहुतेक ठिकाणी 'नैराश्य' असं दिसतं. ते बरोबर आहे का? आणि त्यावर उपचार काय करत?

उत्तर : हे भाषांतर अपुरं आहे, आणि त्यानं बराच घोटाळा होतो. इराणी वैद्य इब्न सीना (980–1037) 'कानून' या आपल्या वैद्यकग्रंथात जी लक्षणं देतो त्यात विनाकारण भीती, भलतेसलते समज, चटकन येणारा राग आणि एकांताची ओढ आहे. उदासी हा त्यातला एक भाग.

मूळ कारण सौदा, म्हणजे काळं पित्त, या वैद्यकानं मानलेल्या शरीरातल्या चार द्रवांपैकी एक. (अरबीत 'अस्वद' म्हणजे काळा, व्यवहारातल्या सौद्याशी गल्लत नको.) नैसर्गिक सौदा हा रक्ताचा थंड, कोरडा गाळ, प्लीहा तो ओढून घेते. पण रक्त, कफ, पिवळं पित्त यांपैकी काहीही जास्त उष्णतेनं करपलं, तरी त्याचा सौदा होतो, आणि मूळ द्रवाचा स्वभाव त्यात उरतो. रक्त करपलं तर रोगी हसतो. पिवळं पित्त करपलं तर तो खवळतो, अंगावर धावून जातो. कफ करपला तर सुस्त पडून राहतो, आणि सौदाच करपला तर विचारांत बुडतो. हसणाऱ्या रोग्याला 'नैराश्य' कसं म्हणणार?

दुसरा प्रश्न जागेचा : सौदा फक्त मेंदूत आहे, सगळ्या अंगात आहे, की बरगड्यांखाली पोटात? तिसऱ्या प्रकाराला 'मराकी' म्हणत. त्यात आंबट ढेकर, पोटफुगी आणि जळजळ असते. ढेकर आली किंवा शौचाला झालं की मनालाही हलकं वाटतं. पोटावरून मनाचं निदान करण्याची ही पद्धत मला फार सूक्ष्म वाटते.

उपचार लवकर सुरू करावा, मुरलेला रोग हटत नाही, असं इब्न सीना बजावतो. आधी ओलावा : कोमट पाण्याचं स्नान, भरपूर झोप, पचायला हलकं, ओलसर अन्न. त्यानंतर रेचक, बहुधा अफ्तीमून (अमरवेलीच्या कुळातली वेल), कधी फाडलेल्या दुधाच्या पाण्यातून. हा क्रम उलटा केला तर घट्ट सौदा जागचा हलत नाही आणि शरीराचा कोरडेपणा मात्र वाढतो. शीर तोडून रक्त काढायचं ते मुख्यतः सौदा सर्वांगात असेल तेव्हा. तिथं प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनपासूनचा नियम होता : रक्त काळं आलं तर वाहू द्यावं, काळं नसेल तर लगेच थांबवावं.