गावात बँक असून गाव का बदललं नाही?

"ग्रामीण बँकांमुळे गरिबी कमी झाली, असं एका अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासात वाचलं. मग आमच्या गावात पंचवीस वर्षांपासून शाखा आहे, तरी गाव तसंच का?" हा तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या खेड्यांच्या शाखांमध्ये गेली, जास्त करून लातूरकडे आणि कर्जाच्या टेबलावर.

तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांचा, 2005 सालचा. बँक मुळात पैसा असेल तिथेच जाते. त्यामुळे सुखवस्तू गावात शाखा दिसली म्हणून ते सुख शाखेनं आणलं असं म्हणता येत नाही. या दोघांना वाट सापडली ती रिझर्व्ह बँकेच्या एका नियमात. 1977 ते 1990 या काळात, आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागत. म्हणून त्या काळात शाखांचा ओघ मागास राज्यांकडे वळला आणि 1990 नंतर पुन्हा फिरला. हा ओघ जसा वळला तशी गरिबी कशी हलली, हे त्यांनी ताडून पाहिलं. ग्रामीण गरिबी घटलेली दिसली, आणि उत्पादन वाढलं ते शेतीबाहेर. यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण "शेतीबाहेर" हा शब्द वाचला आणि मला आमच्या शाखेचं लेजर आठवलं. पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, सेकंडहँड टेम्पो. माणसं हलली ती या कर्जांनी.

पीककर्जाचं तसं झालं नाही, आणि त्याचं कारण "नवं-जुनं". कर्ज थकू नये म्हणून शेतकरी जुनं खातं भरतो आणि चार-आठ दिवसांत तेवढंच नवं उचलतो. पण त्या मधल्या दिवसांसाठी लाखभर रुपये आणायचे कुठून? आडत्याकडून, म्हणजे बाजारात शेतमाल विकून देणाऱ्या दलालाकडून. कॅश काउंटरवर शेतकरी पैसे मोजायचा आणि आडत्याचा दिवाणजी बाहेर मोटारसायकलवर बसून असायचा, हे मी दरवर्षी पाहिलं. त्याचं व्याज वेगळं आणि माल त्याच्याच दुकानी घालायचा शब्द वेगळा. म्हणजे आमच्या कागदावर वसुली चोख, आणि शेतकरी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बांधलेला. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचं सोयाबीन एकदमच मोंढ्यात येतं, ओलाव्याची कपात होते आणि मिळेल त्या भावाला कट्टे, म्हणजे पोती, सुटतात. भावाची दोरी तर आणखी लांब, खाद्यतेलाच्या आयातशुल्काला बांधलेली. अर्थतज्ज्ञ पेटिया टोपालोव्हा यांनी 1991 नंतरच्या शुल्ककपातीचा जिल्हावार अभ्यास केला आहे. ज्या ग्रामीण जिल्ह्यांना परदेशी स्पर्धेची झळ जास्त लागली, तिथे गरिबी इतरांपेक्षा सावकाश घटली, कारण माणसं सहजासहजी धंदा किंवा गाव बदलू शकली नाहीत. तग धरायला हाती पैसा लागतो, आणि बँकेचं खरं काम तिथेच आहे. बाजार समितीची शेतमाल तारण योजना त्यासाठीच आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांत सोडवायचं. माझ्या एका खातेदारानं बावीस कट्टे असे ठेवले. त्या साली भाव फारसा चढला नाही, तरी आडत्याची बाकी फिटली आणि पुढच्या हंगामात त्यानं तीन दुकानी भाव विचारून माल घातला. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा तुमच्या शाखेत दोन गोष्टी विचारा. गावातून गोळा झालेल्या ठेवींपैकी किती पैसा कर्जरूपानं गावातच आहे? आणि त्यातलं नवं-जुनं वगळून, नवीन माणसाला नवीन कामासाठी दिलेलं किती? व्यवस्थापक आकडे द्यायला कां-कू करतील, पण ठेवी आणि कर्जाचं प्रमाण जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेकडे, मिळतं. ते आकडे इथे टाका, मी बसून तुमच्याबरोबर वाचतो.